प्रोजेक्ट झोम्बॉइड: मरणार तर आहातच, निदान दोन आठवडे काढा

खेळ सुरू होताना काळ्या पडद्यावर तीन ओळी उमटतात. जगाचा अंत आलाय, वाचण्याची आशा नव्हती, आणि तुमचा मृत्यू असा झाला. इतका प्रामाणिक खेळ दुसरा नाही. जिंकण्याची सोयच ठेवलेली नसल्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की मरण किती लांबवता येतं, आणि मेल्यावर मित्र किती दिवस हसतात.

द इंडी स्टोन या कंपनीचा, झोंबींपासून (उठून चालणाऱ्या प्रेतांपासून) जीव वाचवण्याचा हा कॉम्प्युटर खेळ २०१३ च्या नोव्हेंबरात स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला. इथे धरलंय ते बिल्ड ४१, म्हणजे डिसेंबर २०२१ ची आवृत्ती. खाली दिलेली सगळी बटणं, आकडे आणि कृती त्याच आवृत्तीच्या आहेत. बिल्ड ४२ मध्ये हस्तकला, तळघरं, जनावरं असं बरंच बदललंय, तेव्हा तिथे हे आकडे जसेच्या तसे चालवू नका.

कथा घडते अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, नॉक्स कंट्री नावाच्या काल्पनिक प्रदेशात. तारीख ९ जुलै १९९३, सकाळचे ९. मोबाईल नाहीत, इंटरनेट नाही, टीव्हीवर मोजकेच चॅनल. झोंबी मंद चालतात, त्यांना नीट दिसत नाही, दारं उघडता येत नाहीत. तरी नवा खेळाडू सरासरी पहिल्याच दुपारी मरतो. झोंबी चावतो ते सगळ्यात शेवटी. त्याआधी कुणीतरी चुकीचं बटण दाबलेलं असतं, ओव्हन चालू राहिलेला असतो, नाहीतर ‘हे एक कपाट बघतो आणि निघतो’ असं कुणीतरी म्हणालेलं असतं.

१. माणूस घडवणं

सुरुवातीला व्यवसाय निवडायचा आणि गुण-दोष घ्यायचे. चांगल्या गुणाला गुणांक मोजावे लागतात, दोष घेतला की गुणांक मिळतात. शेवटी बेरीज शून्याच्या खाली जाता कामा नये. कुठला दोष कागदावर भयंकर पण खेळात निरुपद्रवी, हे ओळखण्यातच खरी हुशारी.

नवख्यासाठी चालणारा एक हिशेब असा: व्यवसाय अग्निशमन अधिकारी, किंमत ० (ताकद, दमसास, धावणं आणि कुऱ्हाड यांत एकेक पायरी जास्त). दोषांत धूम्रपानाचे ४, जास्त तहानेचे ६, नाजूक पोटाचे ३, वारंवार आजारी पडण्याचे ४, लघुदृष्टीचे २. झाले १९. त्यातून ‘स्ट्राँग’ला १०, तीक्ष्ण श्रवणाला ६ आणि चपळ हातांना २ द्या. १ गुणांक उरतो, उरू द्या.

तहान लागते, पण पहिले काही दिवस प्रत्येक घरात नळ चालू असतो. पोट नाजूक असलं तरी शिळंपाकं खाल्लं नाही तर त्याचा पत्ता लागत नाही. लघुदृष्टी चष्मा लावला की संपते. सिगारेटी मात्र शोधाव्या लागतात. त्या झोंबींच्या खिशात आणि पेट्रोल पंपाच्या दुकानात मिळतात, पण सोबत लायटर किंवा काडेपेटी हवीच. तीक्ष्ण श्रवण महाग वाटेल, तरी घ्या. पाठीमागून येणारा झोंबी त्याच्यामुळे जरा आधी लक्षात येतो, आणि बहुतेक चावे पाठीमागूनच होतात.

घेऊ नये असे दोष: बहिरेपणा (१२ गुणांक बघून जीव सुटतो, पण संगीत नाही, पाऊल नाही, काहीच नाही), पातळ कातडी आणि निरक्षरता. निरक्षर माणूस पुस्तकं वाचू शकत नाही, आणि हा खेळ अर्ध्याहून जास्त वाचनावर चालतो. ज्यांना आईवडिलांनी ‘अभ्यास कर’ म्हणून खेळावरून उठवलं, त्यांनी इथे झोंबींच्या वेढ्यात बसून सुतारकामाचं २२० पानी पुस्तक वाचायचं असतं.

२. गाव निवडणं

रोझवूड घ्या. गाव लहान, गर्दी कमी, अग्निशमन केंद्र आणि पोलीस ठाणं दोन्ही आहेत. रिव्हरसाइडही ठीक आहे, शिवाय नदी जवळ. मल्ड्रॉ महामार्गाच्या कडेने लांबच लांब पसरलंय, गोदामं भरपूर, त्या मानाने झोंबीही भरपूर. वेस्ट पॉइंट हे ओहायो नदीकाठचं दाट गाव, आणि तिथे बंदुकांचं दुकान आहे हे ऐकून जे जातात ते त्या दुकानापर्यंत फारसे पोचत नाहीत. मल्ड्रॉ आणि वेस्ट पॉइंट ही केंटकीत खरोखरची गावं आहेत. लुईव्हिल हे मोठं शहर नकाशाच्या ईशान्येला आहे. पहिल्या महिन्यात त्याचं नावही काढू नका.

३. पहिला तास

डोळे उघडतात ते कुणाच्या तरी घरात. लगेच दाराबाहेर पळायचं नाही.

सगळ्यात आधी पडदे बंद करा. पडदे नसतील तर पलंगावरची चादर खिडकीला लावा, राइट-क्लिकमध्ये पर्याय असतो. मग स्वयंपाकघर बघा: चाकू, तवा, कॅन ओपनर, कचऱ्याच्या पिशव्या. कॅन ओपनर दिसला की उचला, कारण याच्याशिवाय डब्यातलं अन्न उघडत नाही आणि दहा डबे छातीशी धरून उपाशी मरणं हा खेळातला खास विनोदी मृत्यू आहे. शिवाय पाठीवरची पिशवी, बाटल्या, सुई-दोरा, औषधाच्या कपाटातली बँडेजं घ्या.

टीव्ही असेल तर चालू करून ‘लाइफ अँड लिव्हिंग’ चॅनल लावा. सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ वाजता स्वयंपाक, सुतारकाम आणि रानात जगण्याचे कार्यक्रम लागतात, आणि नुसतं समोर बसून बघितलं की कौशल्य वाढतं. पहिला आठवडाभरच हे प्रक्षेपण चालतं, नंतर बंद. आवाज मात्र कमी ठेवा, टीव्हीचा आवाज झोंबींनाही ऐकू जातो. खिडकीबाहेर प्रेक्षक जमले की कार्यक्रम संपल्यावर त्यांची व्यवस्था तुम्हालाच करावी लागते.

रेडिओ मिळाला तर हवामानाचं सरकारी स्वयंचलित प्रक्षेपण शोधून ठेवा. त्याची वारंवारता प्रत्येक जगात वेगळी असते, चॅनल फिरवत बसावं लागतं. त्याचा खरा उपयोग हेलिकॉप्टरसाठी. साधारण ६ ते ९ व्या दिवसाच्या दरम्यान एक हेलिकॉप्टर येतं, तुमच्या डोक्यावर घिरट्या घालतं आणि आजूबाजूचा सगळा झोंबीसमाज तुमच्या अंगणात आणून सोडतं. उतरत नाही, दोर टाकत नाही, हातही हलवत नाही. रेडिओवर त्या दिवशी हवाई हालचालीचा उल्लेख येतो. तो आला की घरात, पडद्याआड, शांत. गाडी असेल तर उलट करा: आपल्या घरापासून दूर जा, म्हणजे गर्दी दुसऱ्यांच्या अंगणात जमेल.

४. क्यू हे बटण

एका बटणाला वेगळा विभाग का, हे पहिल्यांदा दाबल्यावर कळतं. क्यू दाबलं की तुमचा माणूस मोठ्याने ओरडतो. हेच बटण दाबून धरलं की हातवारे करण्याचं चक्र उघडतं. म्हणजे मित्राला लांबून हात दाखवायचा म्हणून क्यू धरलं आणि बोट पाव सेकंद आधी सुटलं, तर हात राहतो बाजूला आणि आरोळी जाते गावभर. गाडीत बसल्यावर तेच बटण हॉर्न वाजवतं. चालण्याचं डब्ल्यू आणि दार उघडण्याचं ई यांच्या शेजारीच ते आहे, म्हणजे घाबरल्यावर बोट नेमकं तिथेच पडतं.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये जाऊन ओरडण्याचं बटण कीबोर्डच्या दुसऱ्या टोकाला हलवा. पण घालवू नका. घरात झोंबी किती आहेत हे कळत नसेल तर बाहेर मोकळ्यात उभं राहून एकदा ओरडायचं आणि ते एकेक बाहेर येताना मोजायचे. अंधाऱ्या न्हाणीघरात समोरासमोर भेटण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं.

५. मारामारी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून.

राइट-क्लिक धरला की हत्यार उगारलं जातं, लेफ्ट-क्लिकने वार, स्पेसने ढकलणं. पडलेल्या झोंबीजवळ उगारून स्पेस दाबलं की लाथ बसते. लाथेचा जोर बुटांवर अवलंबून असतो. जाड बूट चांगले, चपला वाईट, अनवाणी तर विचारूच नका.

बिल्ड ४१ मध्ये मूळ सेटिंगला एका वारात एकच झोंबी लागतो. दोघे शेजारी उभे असले तरी बॅट एकालाच बसते आणि दुसरा निवांतपणे तुमचा हात धरतो. म्हणून नियम असा ठेवा: दोघांपर्यंत लढायचं, तीन झाले की मागे सरकत त्यांना लांब रांगेत आणायचं, पाच झाले की निघून जायचं. झोंबी चालतात तुमच्यापेक्षा हळू. पळायची गरजच नसते, चालत निघालात तरी पुरतं. पळालात की दम जातो, आणि दम गेला की वारातला जोर जातो.

दमाचं चित्र उजवीकडे दिसतं. पहिली पायरी आली तेव्हाच थांबा. ‘अजून दोनच आहेत’ म्हणून जो पुढे जातो, त्याचे शेवटचे चार वार उशीने मारल्यासारखे लागतात. जागा सुरक्षित करून जमिनीवर बसा (जमिनीवर राइट-क्लिक करून तो पर्याय मिळतो). बसल्याने दम लवकर भरतो.

कुंपण हा या खेळातला सगळ्यात स्वस्त सैनिक. कंबरेएवढं कुंपण तुम्ही ओलांडा, पलीकडे दोन पावलं मागे उभे राहा आणि वाट बघा. झोंबी कुंपण चढून धप्पकन तोंडावर पडतो, उठायच्या आत डोक्यावर दोन फटके. पुढचा येतो, तोही पडतो. पण कुंपणाला चिकटून उभे राहू नका, कारण वरून पडताना तो अंगावर झेप घेऊ शकतो. कुंपणापाशी मेलेले लोक हे बहुतेक ‘अजून थोडं जवळ’ या गटातले असतात.

हत्यारांत क्रोबार, म्हणजे कटावणी, पहिल्या नंबरची. मारा फार नाही, पण जवळजवळ मोडतच नाही. बेसबॉल बॅट चांगली पण झिजते. कुऱ्हाड एका घावात आडवं करते आणि तितक्याच लवकर खराब होते, म्हणून लाकडासाठी राखून ठेवा. झाडाची फांदी आणि चाकू यांतून भाला तयार होतो. तो लांबून मारतो आणि पटापट मोडतो, तेव्हा एक केला तर चार करून पाठीवर टाका. तव्याबद्दल लोक विनोद करतात, तो विनोदापुरताच ठेवावा.

बंदूक. आवाज झाला की आसपासच्या दोन-चार गल्ल्यांतलं सगळं मंडळ विसर्जनाच्या मिरवणुकीसारखं तुमच्याकडे वळतं. कौशल्य नसताना पिस्तुलाच्या गोळ्या हवेत जातात. शॉटगन त्यातल्या त्यात बरी, पण ती वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारा: गोळ्या पुरेशा आहेत का, आणि पळायची वाट मोकळी आहे का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर ती भिंतीवर टांगून ठेवा, शोभते.

आणि दारं. बंद दार उघडताना एक पाऊल मागे उभं राहायचं. न्हाणीघराचं दार सगळ्यात धोक्याचं. बाकी घर पूर्ण तपासून शेवटी हात धुवायला गेलेला माणूस तिथेच सापडतो.

६. ओरखडा, जखम, चावा

एच दाबलं की तब्येतीचा तक्ता उघडतो. ओरखड्यातून लागण होण्याची शक्यता ७ टक्के, फाटलेल्या जखमेतून २५ टक्के, चाव्यातून १०० टक्के. चाव्यावर औषध नाही. अँटिबायोटिक नाही, हात तोडणं नाही (त्यासाठी मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या, आहेत), प्रार्थना नाही. मूळ सेटिंगला दोन-तीन दिवसांत माणूस जातो.

ओरखड्यानंतर पहिलं लक्षण म्हणजे मळमळ. पण घाबरण्याआधी आजूबाजूला बघा. कुजलेल्या प्रेतांच्या ढिगाशेजारी राहिलं तरी मळमळतं, आणि शिळं मांस खाल्लं तरीही. कित्येक खेळाडूंनी नुसत्या अजीर्णाच्या धसक्याने ब्लीचची बाटली तोंडाला लावलीय. ती प्यायचा पर्याय खेळात खरोखरच आहे आणि नेमका तसाच परिणाम करतो. प्रेतं उचलून लांब टाका, एक दिवस थांबा, मग निर्णय घ्या.

साध्या जखमेसाठी जुने कपडे फाडून चिंध्या करा, बांधा, मळल्या की बदला. खोल जखमेला सुई-दोऱ्याने टाके. काच रुतली असेल तर चिमटा. फुटलेल्या खिडकीतून चढताना काच लागते, म्हणून आधी राइट-क्लिक करून काच काढा.

७. घर करणं

दोन मजली घर, गावाच्या टोकाला, मागे झाडी किंवा शेत. तळमजल्यावर राहायचं नाही, तो पायवाटेसारखा वापरायचा.

खिडकीला फळ्या मारायच्या तर एका फळीला २ खिळे, एका बाजूने जास्तीत जास्त ४ फळ्या. हातोडी हवीच. फळ्या दोन ठिकाणांहून येतात: झाड तोडून ओंडका करवतीने कापला की ३ फळ्या, किंवा हातोडी आणि करवत घेऊन फर्निचर मोडलं की थोड्याफार. दुसऱ्या मार्गात सुतारकामही वाढतं. अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यातली सगळी टेबलं-खुर्च्या मोडून तिथेच बसून जेवणं, हा सुतारकामाचा अधिकृत अभ्यासक्रम समजा.

पुस्तकांचं गणित लक्षात ठेवा. प्रत्येक कौशल्याची पाच पुस्तकं, एकेक पुस्तक दोन पायऱ्यांपुरतं. पहिलं वाचलं की त्या पायऱ्यांत अनुभव तिप्पट मिळतो, दुसऱ्याने पाचपट, तिसऱ्याने आठपट. आधी पुस्तक, मग काम. उलट केलं तर त्याच पायरीसाठी तिप्पट खुर्च्या मोडाव्या लागतात.

सगळ्यात पक्का बंदोबस्त म्हणजे जिना पाडणं. मोठा घण मिळाला की (गोदामं, हत्यारांची दुकानं, गॅरेज, आणि नशीब) तळमजल्यावरून वर जाणारा जिना तोडून टाका. वर जायला खिडकीतून चादरींचा दोर सोडा. झोंबींना दोर चढता येत नाही. दोरच एकमेव वाट असेल तर तो दोन वेगवेगळ्या बाजूंना सोडून ठेवा. खाली गर्दी जमली की दुसऱ्या बाजूने उतरता येतं. ज्यांनी एकच सोडला, ते वरच्या मजल्यावर पुस्तकं वाचत उपाशी बसलेले असतात.

८. पाणी आणि लाईट

मूळ सेटिंगमध्ये ० ते ३० दिवसांत कधीही दोन्ही जातात, आणि तारीख कुणी कळवत नाही. जिथे लाईट जाण्याचं वेळापत्रक असलं तरी ते पाळलं जात नाही, तिथल्या खेळाडूंना हा भाग ओळखीचा वाटेल. पहिल्या दिवसापासून बाटल्या, भांडी, बादल्या भरून ठेवायच्या.

पावसाच्या पाण्याचं पिंप करायला सुतारकाम पायरी ४, फळ्या ४, खिळे ४, कचऱ्याच्या पिशव्या ४. म्हणून त्या पिशव्या पहिल्याच दिवशी गोळा करायच्या होत्या. पिंपातलं पाणी दूषित धरलं जातं, भांड्यात उकळून प्या. मोरीच्या बरोबर वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर पिंप ठेवून, पाईप पाना हातात घेऊन नळ जोडला तर नळाला पिण्यालायक पाणी येतं. हे ज्या दिवशी जमतं तो दिवस या खेळात वास्तुशांतीचा.

जनरेटर वापरायला एकतर इलेक्ट्रिशियन असायला हवं किंवा ‘जनरेटर कसा वापरावा’ हे मासिक वाचलेलं हवं. मासिक टपालपेट्या, पुस्तकांची दुकानं, गॅरेजमधले शेल्फ इथे सापडतं, आणि जनरेटर मिळाल्यानंतरचे तीन आठवडे अजिबात सापडत नाही. जनरेटर साधारण २० चौकटींच्या परिघात वीज देतो. तो घराबाहेरच ठेवायचा. आत ठेवलात तर धुराने माणूस मरतो, झोपेत, कुणी न चावता. पेट्रोल भरताना बंद करा. आणि एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट: लाईट गेली की पेट्रोल पंपही बंद. लाईट आहे तोवर कॅन भरून घ्या, नाहीतर नंतर पंपाशेजारी जनरेटर नेऊन लावावा लागेल.

९. जेवण, आणि जेवणाने मरणं

आधी नासणारं संपवा, डबे शेवटी. शेती करायची तर कोबीवर समाधान मानू नका. पोट भरतं पण उष्मांक नगण्य, आणि रोज पातेलंभर कोबी खाणारा माणूस झिजत झिजत काटकुळा होतो. वजन ८० किलोच्या आसपास राहावं. त्यासाठी मासे उत्तम, लोणी त्याहून उत्तम. अख्खी वडी एका घासात खाण्याची परवानगी या एकाच जगात आहे.

स्वयंपाकघरातली आग हा झोंबींपेक्षा प्रामाणिक शत्रू. ओव्हनमध्ये काही ठेवून बाहेर गेलात तर पदार्थ जळतो, मग घर पेटतं. मायक्रोवेव्हमध्ये धातूची वस्तू ठेवली तरी पेटतं. दोन आठवडे जमवलेली पुस्तकं, फळ्या, डबे आणि जिनाविरहित दुसरा मजला, सगळं एका सँडविचपायी. शिजत असताना शेजारी उभे राहा, बंद करा, मग हला.

१०. गाडी

किल्ली आधी गाडीतच बघा, मग डॅशबोर्डमधल्या कप्प्यात (ग्लोव्ह बॉक्स), मग आजूबाजूच्या जमिनीवर आणि झोंबींच्या खिशात. किल्लीशिवाय चालू करायची तर इलेक्ट्रिकल १ आणि मेकॅनिक्स २ लागतं, किंवा व्यवसायाने चोर असावं लागतं. झोंबींना समोरून उडवू नका, बॉनेट आणि इंजिन जातं. फारच वाटलं तर रिव्हर्समध्ये. बंद गाडीची काच फोडताना अलार्म वाजू शकतो, तेव्हा पळायची दिशा आधी ठरवा.

११. मित्रांबरोबर

मुख्य मेनूतून ‘होस्ट’ निवडून सर्व्हर करता येतो, स्टीमवरून आमंत्रण जातं, वेगळा सर्व्हर भाड्याने घ्यायची गरज नाही. तरी काही गोष्टी आधीच ठरवा.

होस्ट त्याने व्हावं ज्याचं नेट स्थिर आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे. त्याची लाईट गेली की सगळ्यांचं जग थांबतं. आठवड्यातून एकदा युझर फोल्डरमधलं ‘झोम्बॉइड’ हे फोल्डर कॉपी करून ठेवा, त्यात सेव्हज आणि डीबी ही दोन्ही हवीत.

मॉड कमी ठेवा. सर्व्हर चालू असताना एखादं मॉड अपडेट झालं की बाकीच्यांना ‘वर्कशॉप आयटमची आवृत्ती सर्व्हरपेक्षा वेगळी आहे’ असा संदेश येऊन आत येता येत नाही. मग तासभर एकमेकांच्या नेटला शिव्या. होस्टने सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा, तरी नाही झालं तर ज्याला अडचण आहे त्याने ते मॉड काढून पुन्हा सबस्क्राइब करावं.

सँडबॉक्स सेटिंगमध्ये (इथे जगाचे नियम बदलता येतात) नवख्या गटाने लागण ‘फक्त लाळेतून’ ठेवावी, म्हणजे ओरखड्याने कुणी मरत नाही. एकमेकांना इजा होण्याचा पर्याय बंद करा, कारण अंधारात भाला कुणाला लागला याची चौकशी दोन दिवस चालते. झोंबी पुन्हा येण्याचे तास मूळ ७२ असतात. गाव एकदा साफ केलं की साफ राहावं असं वाटत असेल तर ० करा.

ऑनलाइनमध्ये वेळ पुढे पळवता येत नाही. एकट्याने खेळताना पुस्तक झटक्यात संपतं, इथे खरी मिनिटं जातात. म्हणून एकाने वाचावं, दुसऱ्याने पहारा द्यावा, आणि तिसऱ्याने ‘जरा बाहेर बघून येतो’ म्हणू नये. प्रत्येक गटात असा एक तिसरा असतो. त्याला किल्ल्या देऊ नका.

गाडी सगळ्यात चांगलं नेट असलेल्यानेच चालवावी. नेट मंद असेल तर पुढचा रस्ता उशिरा उमटतो, आणि उमटतो तो झाडासकट.

कामं वाटून घ्या: एक सुतार, एक मेकॅनिक, एक वैद्य, एक स्वयंपाकी. सगळ्यांनीच लाकूडतोड्या निवडला तर चार कुऱ्हाडी आणि शून्य शिजलेलं अन्न. आणि मोहिमेवरून परतल्यावर प्रत्येकाची तपासणी करा. मित्रावर राइट-क्लिक केलं की वैद्यकीय तपासणीचा पर्याय येतो, त्याच्या जखमा दिसतात. ‘अरे काही नाही, ओरखडा आहे’ असं म्हणत लांब लांब उभा राहणाऱ्याची आधी. तो चाव्यासकट रात्रभर घरात राहिला, तर सकाळी दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे जिना पाडलेल्या मजल्यावर, झोंबी आतूनच निघतो.

१२. मेल्यावर

मेलात की नवा माणूस घेऊन त्याच जगात परत येता येतं, पण कौशल्यं शून्यावर आणि जन्म पुन्हा गावात कुठेतरी. हे फारच लागत असेल तर ‘स्किल रिकव्हरी जर्नल’ नावाचं मॉड आहे, त्यात कौशल्य लिहून ठेवता येतं. वही मात्र घरात ठेवायची. खिशात ठेवली तर ती तुमच्याबरोबरच फिरत राहते.

कारण लागण झालेला माणूस मेल्यावर उठतो आणि त्याच्या अंगावर तुमचं सगळं सामान असतं: मोठी बॅग, चांगले बूट, क्रोबार आणि गाडीची किल्ली. ते आणायला जाताना पहिल्याच घरातला चाकू-तवा घेऊन निघू नका. आधी पूर्ण दिवस तयारी, मग दोघांनी मिळून, दिवसाउजेडी. ज्या गर्दीने पहिल्याला खाल्लं ती अजून तिथेच आहे. तिला लांबून हाका मारत एकेक करून कुंपणाशी आणा (क्यू इथे कामाला येतं), आणि ओळखीचे कपडे दिसले की थांबा: त्याच्या डोक्यावर फटका मारा, पाठीवर नाही. पाठीवर तुमची बॅग आहे.